नाक, कान आणि मेंदूतील फेरफार

मावळ तालुक्याच्या पश्चिम कडेला, जेथे सह्याद्रीचे पठार एकाएकी संपते आणि खाली कोकणचा मुलूख सुरू होतो, तेथे कुरवंडे हे गाव वसले आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज या बाजूच्या घाटाने खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली, एवढ्यापुरती इतिहासाच्या दप्तरात या परिसराची नोंद आहे; हल्लीच्या तरुणांना हे गाव माहीत आहे ते नागफणीवर चढण्याची वाट येथून निघते म्हणून. त्या सुळक्यात साहेबाला वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक दिसले आणि नकाशावर तसेच नाव पडले. ज्या गावाच्या माथ्यावर एवढे प्रचंड नाक उभे आहे, त्या गावाच्या निमित्ताने घ्राणेंद्रियाच्या शास्त्राचा आढावा घेणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

मृगाचा पहिला पाऊस या पठारावर पडला की मातीतून जो गंध उठतो त्यातील मुख्य द्रव्य जिओस्मिन होय. जमिनीतील स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जीवाणू ते तयार करतात, आणि लिटरभर पाण्यात ते ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाच्या काही पट असले तरी माणसाच्या नाकाला त्याचा सुगावा लागतो. परंतु आषाढ लागेपर्यंत तोच माणूस त्याच ओल्या मातीवर दिवसभर भातलावणी करीत असतो आणि त्या गंधाची त्याला दादही नसते. तीच गोष्ट कानाची. खाली बोरघाटात रात्रभर चढउतार करणाऱ्या आगगाड्यांच्या घरघरीने मुंबईचा पाहुणा तीनतीनदा जागा होतो आणि यजमान निवांत घोरत असतो. या नित्याच्या अनुभवाला आपण ‘सवय’ असे म्हणून मोकळे होतो. पण सवय होते म्हणजे नेमके कोठे काय बदलते, नाकात, कानात की मेंदूत, आणि झालेला बदल पुन्हा मागे फिरवता येतो काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकातील मज्जाशास्त्राच्या अत्यंत फलद्रूप प्रश्नांपैकी एक ठरला आहे. मेंदूची लवचिकता या नावाखाली आज नाना प्रकारचे खेळ, शिकवण्या आणि गोळ्या विकल्या जातात म्हणून तर त्याचा हिशेब नीट मांडणे अधिकच अगत्याचे आहे.

असा आढावा परदेशातील प्रयोगशाळांपासून सुरू करण्याचा शिरस्ता आहे. तो मला मोडावासा वाटतो, कारण या कथेचा एक आरंभ मुंबईत, कुलाब्याच्या टोकाशी समुद्राकाठी उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेला आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये तेथे आले आणि पदार्थविज्ञान व गणित यांच्या त्या बालेकिल्ल्यात त्यांनी रेणुजीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी ड्रोसोफिला या फळमाशीच्या अशा जाती अभ्यासल्या की ज्या उष्णता वाढताच लुळ्या पडत आणि थंडावा मिळताच पुन्हा चालू लागत. मज्जातंतूंच्या कार्यातील दोष जनुकांच्या साहाय्याने शोधता येतो हे या दोघांच्या १९७६ च्या निबंधाने प्रस्थापित केले. मुंबईस परतल्यावर त्यांनी आपले लक्ष चव आणि वास यांकडे वळविले, आणि त्या कामी त्यांना जी विद्यार्थिनी लाभली ती व्हेरोनिका रॉड्रिग्ज. केनियात जन्मलेल्या, मकरेरे आणि डब्लिन येथे शिकलेल्या या बाईंनी मुंबईत येऊन माशीच्या नाकाचा छडा लावण्याचे व्रत घेतले ते शेवटपर्यंत सोडले नाही.

त्यांच्या प्रयोगाची साधने पाहिली तर आजच्या यंत्रबहुल प्रयोगशाळेत वावरणाऱ्याला हसू येईल. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची एक काचेची नळी. तिच्या एका फाट्यातून वासाची हवा, दुसऱ्यातून साधी हवा. आणि तळाशी सोडलेल्या माश्या. माशी स्वभावतः वर चढते, फाट्याशी पोचते आणि तेथे तिला निवड करावी लागते. शंभरांतील बहुतेक माश्या एका बाजूस गेल्या आणि थोड्या मात्र दोन्ही फाट्यांत सारख्याच बेपर्वाईने शिरल्या, तर त्या बेपर्वा माश्या निवडून त्यांची पैदास करावयाची, पुन्हा नळीत सोडावयाचे, पुन्हा निवडावयाचे, आणि अखेर हा बहिरेपणा, म्हणजे नाकाचा बहिरेपणा, कोणत्या गुणसूत्रावर बसला आहे हे शोधून काढावयाचे. १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात या गुरुशिष्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वासाचे ग्राही म्हणजे गंधरेणू ज्यात अडकतो ती प्रथिने कशी असतात याचा पत्ता तेव्हा जगात कोणालाच नव्हता. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना ती उंदरांच्या वर्गातील प्राण्यांत सापडली १९९१ मध्ये, त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले २००४ मध्ये, आणि माशीतील ग्राही हाती आले १९९९ मध्ये. दरम्यान १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या वासांनी वेगवेगळी ठिकाणे उद्दीपित होतात हे दाखवून दिले होते. मराठी वाचकाला बक आणि ॲक्सेल ही नावे ऐकून तरी ठाऊक असतात. कुलाब्यातील या कामाचे नाव क्वचितच निघते.

सवयीच्या प्रश्नाला याच परंपरेने फार सुंदर उत्तर दिले. एका विशिष्ट वासाच्या सान्निध्यात माशीला चार दिवस ठेवले तर ती त्या वासाला जुमानत नाही, आणि वास काढून घेतल्यावर काही दिवसांनी तिची मूळची वृत्ती परत येते. सामान्य समजूत अशी की नाक थकते. परंतु मणि रामस्वामी, रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी यांचा जो निबंध २०११ मध्ये, म्हणजे रॉड्रिग्ज यांच्या निधनानंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की नाकातून येणारी वार्ता पूर्वीप्रमाणेच येत असते. मेंदूच्या पहिल्याच ठाण्यावर ज्या पेशींचे काम इतर पेशींना आवरण्याचे असते त्यांचे जोड बळकट होतात आणि ती वार्ता तेथेच दाबून टाकली जाते. म्हणजे मातीच्या गंधाची दाद न लागणे ही इंद्रियाची शिथिलता नसून मेंदूने केलेला एक सक्रिय बंदोबस्त आहे. अर्थात माशीचे सारेच माणसाला लागू पडत नाही. जे जिओस्मिन आपल्याला कविता सुचवते ते माशीला विषारी बुरशीची वर्दी देते आणि तिला पळवून लावते, त्यासाठी तिच्यापाशी स्वतंत्र ग्राही आहे.

आता सस्तन प्राण्यांच्या नाकाकडे वळू. नाकपुडीच्या छताशी टपाल तिकिटाएवढ्या पापुद्र्यात घ्राणपेशी असतात आणि त्यांचे तंतू कपाळामागच्या एका सच्छिद्र हाडातून आरपार वर जाऊन घ्राणकंदात पोचतात. मेंदूशी थेट जोडलेल्या असूनही या पेशी बाहेरच्या हवेला उघड्या आहेत आणि धूळ, धूर, जंतू यांचा मारा सोसतात. अशा जागी निसर्गाने जी तजवीज केली आहे ती शरीरात अन्यत्र फारशी आढळत नाही: या मज्जापेशी काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मरतात आणि त्यांच्या जागी तळच्या मूळपेशींतून नव्या निपजतात, जन्मभर. उंदरात सुमारे हजार प्रकारचे ग्राही, माणसात सुमारे चारशे. प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच. आणि एका प्रकारच्या सर्व पेशींचे तंतू घ्राणकंदातील ठराविक गुच्छांतच जाऊन मिळतात. नवी पेशी जन्मते तेव्हा तिलाही तोच गुच्छ शोधून काढावा लागतो. ती तो शोधते, आणि म्हणूनच आजचा गुलाब उद्याही गुलाबच वाटतो. जोरदार अपघातात मात्र डोके आपटून ते तंतू त्या हाडापाशी कापले जातात, आणि छिद्रे व्रण भरून बुजली तर नव्या तंतूंना वर जाण्याची वाटच उरत नाही. हेल्मेटच्या सक्तीवर कुरकुर करणाऱ्या दुचाकीस्वारांना हे कोणी सांगत नाही.

उंदराच्या बाबतीत ही नवनिर्मिती आणखी एक पायरी वर चढते. त्याच्या घ्राणकंदातील आवर घालणाऱ्या पेशींतही आयुष्यभर नव्या पेशींची भर पडत राहते. या आवर घालणाऱ्या पेशी नेमके काय करतात याचा उलगडा होण्यास ज्या प्रयोगांचे मोठे साहाय्य झाले त्यांतील प्रमुख संशोधक निक्सन अब्राहम हे आज पुण्यात, पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, आपली प्रयोगशाळा चालवितात. हायडेलबर्ग येथे असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम असे दाखविले की परस्परांहून भिन्न असे दोन वास उंदीर चटकन ओळखतो, पण दोन वासांची सारखी मिश्रणे समोर आली की बिनचूक राहण्यासाठी तो जवळपास सेकंदाचा दहावा हिस्सा अधिक घेतो. नंतर २०१० च्या निबंधात घ्राणकंदातील हा आवर जनुकीय उपायाने वाढविला असता उंदीर कठीण मिश्रणेही लवकर ओळखू लागले, आणि आवर कमी केला असता मंद झाले, असे दिसले. सवयीत वार्ता दाबून टाकणारी व्यवस्था आणि बारकावा लवकर निवडून देणारी व्यवस्था या दोन्हींच्या मुळाशी आवर घालणाऱ्या पेशीच असाव्यात, ही गोष्ट मला या सबंध विषयातील सर्वांत मनोज्ञ वाटते.

२०२० च्या साथीत याच प्रयोगशाळेने माणसाच्या नाकाकडे मोर्चा वळविला. पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या सहकार्याने त्यांनी वासाचे प्रमाण मोजून देणाऱ्या यंत्राने रुग्ण तपासले, आणि ज्यांना कोविडची कसलीच लक्षणे नव्हती अशा बाधितांतही बहुतेकांची वास ओळखण्याची क्षमता घटलेली आढळली. त्यांतील पुष्कळांना स्वतःला त्याचा थांगपत्ता नव्हता. वास जातो कसा, याचे उत्तर हार्वर्ड येथील संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने सुचविले: विषाणूला शिरण्याचे दार घ्राणपेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते. आधार कोसळला की घ्राणपेशी निकामी होतात, आणि मूळपेशी शाबूत असल्या तर सारे पुन्हा उभे राहते. म्हणून बहुतेकांचा वास परतला. ज्यांचा सहजी परतत नाही त्यांच्यासाठी जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्येच मांडलेली पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगावयाचे. औषध म्हणावे तर हसू येईल असा हा उपाय. पण सर्वांना नसला तरी अनेकांना त्याने गुण येतो.

याचा अर्थ माणसाचा घ्राणकंदही उंदराप्रमाणे सतत नवा होत असतो, असा मात्र कोणी करू नये. स्वीडनमधील संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा उपयोग करून माणसाच्या घ्राणकंदातील पेशींचे वय काढले, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष दिला की जन्मानंतर तेथे नवी मज्जापेशी जवळजवळ येत नाही. आपल्या नाकातील पेशी बदलतात. मेंदूतील आहेत त्याच राहतात, त्यांचे जोड तेवढे बदलतात. तेवढ्यावरही बरेच साधते. कॅलिफोर्नियात नोआम सोबेल यांच्या गटाने डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या विद्यार्थ्यांना गवतात रांगत चॉकलेटच्या वासाची दोरी हुंगत जावयास लावले. बहुतेकांना ते जमले, आणि काही दिवसांच्या सरावाने त्यांचा वेग व बिनचूकपणा वाढला. माणसाचे नाक कुचकामी हा एकोणिसाव्या शतकातील ग्रह त्या रांगत्या मंडळींनी बराच सैल केला.

कानाची हकीकत याच्या अगदी उलट. कर्णशंखाची गुंडाळी उलगडली तर सुमारे पस्तीस मिलिमीटर भरते; तिच्या एका टोकास उंच स्वर, दुसऱ्यास खालचे; आणि प्रत्यक्ष ध्वनीची वार्ता मेंदूस कळविणाऱ्या आतल्या ओळीतील केशपेशी फक्त साडेतीन हजारांच्या आसपास. मेली ती मेली. गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या कर्ण्यांसमोर नाचणाऱ्याच्या केशपेशी परत येत नाहीत, मग त्याने कितीही लवंगा हुंगाव्यात. पक्ष्यांना हे वरदान आहे: बधिर झालेल्या पक्ष्यांच्या कानात नव्या केशपेशी उगवतात हे १९८८ मध्ये सिद्ध झाले, आणि ते सस्तनांत का घडत नाही याचा शोध तेव्हापासून चालू आहे. म्हणजे कानाच्या बाबतीत जी काही दुरुस्ती व्हावयाची ती सारी मेंदूला, आहे त्या भांडवलावर, करावी लागते.

ती मेंदू करतो. मायकेल मर्झेनिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये माकडांना दोन जवळजवळच्या स्वरांतील फरक ओळखण्याची तालीम दिली, तेव्हा त्या स्वरांच्या वाट्याला आलेली श्रवणकेंद्रातील जागा वाढलेली दिसली. पण तेच स्वर नुसते कानावर पडत राहिले आणि माकडाचे लक्ष दुसऱ्याच कामात असले, तर तसा विस्तार झाला नाही. तलाठ्याने जमिनीचा फेरफार वहीत धरला तरी मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज तो कायम होत नाही, हे बंगल्यांसाठी विकल्या गेलेल्या मावळातील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. मेंदूतही ध्वनी येतो तेव्हा नोंद धरली जाते, पण लक्ष आणि बक्षीस यांचा शिक्का उमटल्याशिवाय ती कायम होत नाही. १९९८ मध्ये मर्झेनिक यांच्याच प्रयोगशाळेत हा शिक्का मेंदूच्या तळच्या एका केंद्राला विजेने चेतवून कृत्रिमरीत्या मारता येतो हेही दिसले. वर्गात मागच्या बाकावर बसून कानावर पडलेल्या व्याकरणाचे काय होते, हे वाचकाने स्वतः ताडावे.

शिक्क्याखेरीज मुदतही असते. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या श्रवणकेंद्राला ध्वनी मिळाला नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. दृष्टी आणि स्पर्श तीवर अंमल बसवू लागतात. बहिऱ्या मांजरांत हे श्रवणक्षेत्र पाहण्याच्या कामी लागते हे २०१० मध्ये दाखविले गेले. कॉक्लिअर इम्प्लान्ट, म्हणजे केशपेशींना वगळून श्रवणतंतूंना विजेचे संकेत देणारे यंत्र, बसविलेल्या मुलांची तपासणी अनु शर्मा यांनी केली, तेव्हा साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसलेल्या मुलांचा मेंदू काही महिन्यांत वयाला साजेसा प्रतिसाद देऊ लागला, आणि सात वर्षांनंतर बसलेल्यांचा बहुधा नाही. यंत्र तेच, शस्त्रक्रिया तीच. पण दार लागून गेलेले. आपल्याकडे या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे; २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण यांच्या कामाला वाहिलेली आहे. यंत्र बसले की काम संपले असे मानणाऱ्या पालकांना तेथील वाचातज्ज्ञ जे वर्षानुवर्षे समजावीत असतात ते हेच, की ऐकणे मेंदूला शिकवावे लागते.

नाक आणि कान यांचे रस्ते मेंदूत कोठे मिळतात काय? मिळतात, आणि त्याचा सर्वांत हृद्य दाखला जेरुसलेम येथील आदी मिझराही यांच्या प्रयोगशाळेतला आहे. उंदरीची पिले घरट्याबाहेर पडली की माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिउंच स्वरात रडतात. व्यालेल्या उंदरीच्या श्रवणकेंद्रातील पेशी पिलांच्या अंगाचा वास येत असताना त्या रडण्याला निराळा प्रतिसाद देतात; अननुभवी उंदरीत हा बदल दिसत नाही, पण जिने स्वतः न विता पिले सांभाळली आहेत तिच्यात तो दिसतो. २०११ चा हा निबंध वाचताना आपल्या घरातील बिनलेकुरवाळ्या आत्या-मावश्यांची आठवण व्हावी, इतका तो जिव्हाळ्याचा आहे.

कुरवंड्याजवळच्या लोणावळ्याच्या संदर्भात येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी सुरू केली. मग प्राणायामाने मेंदू पालटतो हे आपल्याकडे आधीच ठाऊक नव्हते काय? कुवलयानंदांचा मोठेपणा त्यांनी मोजमाप पत्करले यात आहे, आणि त्यांच्या नावावर वाटेल ते खपविणे हा त्या मोठेपणाचा अवमान आहे. जे मोजले गेले आहे ते असे: गुणगुणत श्वास सोडला असता नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत पंधरापट होते, असे स्वीडनमध्ये २००२ साली आढळले, आणि भ्रामरी करणाऱ्यांना त्याने आनंद व्हावा हे योग्यच आहे, परंतु नाकाच्या पोकळ्यांतील वायूवरून मेंदूतील जोडांपर्यंत उडी मारण्यास कोणताच आधार मिळत नाही. दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या होतात हे जर्मन वैद्य कायझर यांनी १८९५ मध्ये नोंदविले आणि स्वरशास्त्रात ते त्याहून पुष्कळ जुने आहे. तेवढ्यावर मेंदूच्या डाव्याउजव्या अर्धांचे जे भविष्य वर्तविले जाते ते ऐकून सोडून द्यावे.

तेव्हा मेंदू बदलतो काय, या प्रश्नाला एक उत्तर नाही. नाकाच्या पापुद्र्यात पेशीच नव्या येतात आणि दुरुस्तीस वयाची अट फारशी नाही. कानात भांडवल एकदाच मिळते, आणि मेंदूला त्याचा उपयोग करण्याची उत्तम संधी पहिल्या काही वर्षांतच असते. व्यवहारात मात्र आपण दोन्हींकडे सारखेच दुर्लक्ष करतो. पार्किन्सनच्या विकारात हात कापू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे वास मंदावू शकतो, तरी साठी उलटलेल्याच्या तपासणीत रक्तदाब, साखर, मोतीबिंदू सारे पाहिले जाते, नाक कोणी पाहत नाही. नवजात अर्भकाच्या कानाची गोष्ट याहून तातडीची. निरोगी कान स्वतःच अतिसूक्ष्म ध्वनी परत फेकतो हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये शोधून काढले, आणि तो प्रतिध्वनी टिपणारे लहानसे यंत्र झोपलेल्या बाळाच्या कानाला लावून काही मिनिटांत कौल देते. पहिल्या महिन्यात ही चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, हा कालक्रम जगभर मान्य झालेला आहे. कुरवंड्याच्या बाळंतिणीला तो पाळावयाचा तर पहिली चाळणी लोणावळ्यात वा वडगावात, लसीच्या खेपेलाच उरकली पाहिजे. त्यापुढच्या निदानासाठी पुण्यास आणि गरज पडल्यास मुंबईस जाण्याची मजुरी बुडवून करावयाची खेप निदान ज्याला खरोखर तिची आवश्यकता आहे त्याच बाळाच्या आईबापांवर यावी.